बैलांचा रकाना

डंकन रीडने म्हशीच्या डाव्या कुशीवर मूठ टेकवली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. म्हशीने एकदा मान वळवून त्या उंच, तांबूस चेहऱ्याच्या माणसाला न्याहाळलं आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं.

"नाडी बघतोय का काय तिची?" अनुसयाबाईंनी मला विचारलं.

"पोट किती वेळा हलतं ते मोजतायत, मावशी."

"का? मोगरी आजारी न्हाय."

"एक," डंकन इंग्रजीत म्हणाला. थोड्या वेळाने, "दोन." मग मूठ काढून त्याने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "अगदी ठणठणीत आहे. त्यांना सांगा, पोट उत्तम चालतंय."

मी सांगितलं. अनुसयाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "ते मला ठावं हाय," त्या म्हणाल्या, "पर त्याला बसायला सांग. पावणा माणूस किती वेळ उभा ऱ्हाणार?"

दोन हजार आठ सालच्या जानेवारीतला तो बुधवार. जागा सासवडच्या पुढची, मेमाण्यांची वस्ती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत संख्याशास्त्राचं काम करत होते. देशातली गाईगुरं आणि म्हशी मिळून अठ्ठावीस-तीस कोटी जनावरं माझ्या संगणकात होती. राज्यवार, वयवार, वर्षवार. मी रोज सकाळी साडेनऊपासून त्यांच्यात असायची. पण त्या बुधवारपर्यंत मी एकाही म्हशीला हात लावलेला नव्हता. माझं सगळं लहानपण शुक्रवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर गेलं होतं.

आमचा अहवाल होता दोन देशांवर. भारत आणि न्यूझीलंड. शेतीतून, मुख्यतः जनावरांमुळे, हवा तापवणारे वायू किती बाहेर पडतात आणि एकोणीसशे नव्वद ते दोन हजार पाच या काळात दोन्हीकडे त्यात काय फरक पडला, याची तुलना. आमच्याकडून प्रमुख होते डॉ. हेरंब नगरकर, माझे साहेब. तिकडून डंकन रीड. दोघे वर्षभर एकमेकांना तक्ते पाठवत होते. शेवटचा हात फिरवायला डंकन पुण्यात आला होता. शुक्रवारी अहवाल छापखान्यात चढायचा आणि पुढच्या आठवड्यात दिल्लीच्या परिषदेत मांडायचा, असं ठरलं होतं.

डंकनने एकच हट्ट धरला होता. "ज्या म्हशींबद्दल मी वर्षभर लिहितोय, त्यातली एक तरी मला दाखवा." नगरकर सरांना छपाईआधीचं शेवटचं वाचन करायचं होतं, म्हणून त्यांनी मला पाठवलं. संस्थेतल्या एका शिपायाच्या ओळखीने आम्ही अनुसयाबाईंकडे पोचलो.

डंकन बाजेवर बसला. त्याला चहा आवडला, शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी त्याहून आवडली. अनुसयाबाई पन्नाशीच्या, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी सरळ विचारलं, "इतक्या लांबनं ह्यो माणूस म्हशीचं पोट मोजाया आला व्हय?"

मी समजावून सांगितलं. म्हैस, गाय खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून रवंथ करते, तेव्हा पोटात एक वायू तयार होतो. तो तोंडावाटे बाहेर पडतो आणि हवेत साठतो. त्याच्यामुळे हवा तापते.

"ढेकर म्हण की सरळ."

"हो. ढेकर."

"आन् ते ढेकर तुमी मोजता?"

"मोजतो. म्हणजे, अंदाज काढतो. किती जनावरं, काय खातात, त्यावरून."

अनुसयाबाई हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मोजत आसाल. वारा बी मोजत्यात, पाऊस बी मोजत्यात."

"त्यांना आकृती दाखवा ना," डंकन म्हणाला. माझ्या पिशवीत अहवालाचा कच्चा छाप होता हे त्याला माहीत होतं. मला ते बरं वाटलं नाही. कुणाच्या अंगणात बसून त्यांच्या जनावरांची उणीदुणी दाखवायची, तसं काहीसं वाटलं. पण त्याने पुन्हा सांगितलं, तेव्हा मी चौदावं पान उघडून बाजेवर ठेवलं.

त्या पानावर दोन रेषा होत्या. एक लिटर दूध मिळतं त्यामागे किती वायू बाहेर पडतो, ते दाखवणाऱ्या. तांबडी वर होती, निळी बरीच खाली. दोन्ही डावीकडून उजवीकडे उतरत होत्या; तांबडी जास्त वेगाने.

"वरली कुनाची?" त्यांनी बोट ठेवलं.

"आपली. खालची त्यांच्या देशाची."

"म्हंजी आमच्या म्हशी ढेकरा जास्ती देत्यात?"

"तसं नाही मावशी. त्यांची गाय पण ढेकर देतेच. पण ती दिवसाला पंधरा लिटर दूध देते. तुमची मोगरी किती देते?"

"सा. चांगलं खाया आसलं तर सात."

"म्हणून. दूध कमी, त्यामुळे लिटरमागे आपला आकडा मोठा."

त्यांनी मान हलवली. "ते खरं हाय. आमाला तेवढी वैरण कुठली?" आणि विषय तिथे संपला असं मला वाटलं.

तेवढ्यात त्यांचे यजमान बैल घेऊन आले. कांद्याच्या रानात सऱ्या पाडून आले होते. एक पांढरा, एक करडा. दोघांच्या खुरांना ओली माती. यजमानांनी आम्हाला रामराम केला, बैलांना पाणी दाखवलं आणि मोगरीच्या पलीकडे दाव्याला बांधलं. करडा बैल बसला आणि लगेच रवंथ करायला लागला.

अनुसयाबाई त्याच्याकडे बघत होत्या. मग पानाकडे बघितलं.

"ह्यास्नी बी धरलंय का ह्यात?"

"कुणाला?"

"ह्या दोघांस्नी."

"हो. सगळीच जनावरं धरली आहेत."

"दुधात?"

मी पान जवळ ओढलं.

"अगं, ह्ये दूध देत्यात का?" त्या म्हणाल्या. यजमान खांबाला टेकून हसायला लागले. पण अनुसयाबाई गंभीर होत्या. "सकाळधरनं राबून आलेत ते. त्यांच्या ढेकरा माझ्या मोगरीच्या नावावर कशापायी? रानाच्या नावावर मांडा की."

माझ्या डोळ्यांसमोर माझा तक्ता उभा राहिला. तिसरा रकाना: एकूण गोवंश व म्हैसवर्ग. त्यात दुभत्या, भाकड, कालवडी, रेडे, आणि बैल. कोट्यवधी बैल. त्या सगळ्यांच्या वायूची बेरीज घेऊन मी ती देशाच्या एकूण दुधाने भागली होती. न्यूझीलंडच्या रकान्यात मात्र फक्त दुधाचा कळप होता. मांसाची जनावरं आणि मेंढ्या त्यांनी वेगळ्या काढल्या होत्या. वर्षभर हे दोन रकाने मी शेजारी शेजारी ठेवत होते.

"काय म्हणतायत त्या?" डंकनने विचारलं.

आणि मी म्हणाले, "म्हणतायत, बैल फार कष्टाळू आहेत."

डंकनने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग तो उठून बैलांचे फोटो काढायला गेला.

परतताना जीप दिवे घाटाच्या माथ्यावर आली तेव्हा तो म्हणाला, "त्या बाईंनी बरंच काही विचारलं. तुमचं भाषांतर मात्र एका ओळीचं होतं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"माझी आई स्कॉटिश होती," तो म्हणाला. "ती वडिलांशी गेलिकमध्ये, म्हणजे तिच्या जुन्या स्कॉटिश भाषेत भांडायची आणि आम्हाला इंग्रजीत सांगायची की हवेबद्दल बोलत होतो. मला लहान भाषांतर ओळखू येतं."

मग मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द. रानाच्या नावावर मांडा, तेही. तो ऐकत होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमच्याकडे नांगर कोण ओढतं?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"ट्रॅक्टर."

"त्याच्या धुराचं काय?"

"तो आहे की मोजलेला. ऊर्जेच्या प्रकरणात, ट्रक आणि विजेच्या शेजारी. शेतीच्या प्रकरणात नाही." तो थांबला. "तुमचा बैल मात्र शेतीत आहे. आणि शेतीत असून दुधात."

खाली सपाटीला लागल्यावर तो आपणहून बोलायला लागला. त्याच्या वडिलांकडे तीन हजार मेंढ्या होत्या. त्याचं लहानपण लोकरीच्या वासात गेलं. नव्वदीच्या दशकात लोकरीला आणि मांसाला दर राहिला नाही. भावाने मेंढ्या काढल्या, कुंपणं बदलली आणि त्याच कुरणांवर सहाशे गाई आणल्या. "आमच्या आकृतीत मेंढ्यांची रेषा उतरते ना, बावन्नाव्या पानावर? मी तिच्याकडे बघतो तेव्हा मला आमच्या घरामागचा उतार दिसतो. पण अहवालात मी फक्त एवढंच लिहिलं, की मेंढ्या घटल्या आणि गाई दुधाच्या मानाने कमी वायू सोडायला लागल्या. दोन्ही खरं आहे. गाई किती वाढल्या ते मी त्या पानावर लिहिलेलं नाही."

"का?"

"आकृती नीटस दिसत होती म्हणून," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी आठला मी ऑफिसात पोचले. बैल काढायला मला अर्धा तास लागला. आकडे होतेच, फक्त बेरजेतून वजा करायचे होते. पहिल्यांदा तांबडी रेषा खाली आली, चांगली खाली, आणि मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. निळीला ती टेकली नव्हती, पण दोघींमधलं अंतर बरंच मिटलं होतं.

मग मी बसले आणि रेषेचा उतार बघितला.

जुनी तांबडी रेषा वेगाने उतरत होती. नवी जेमतेम उतरत होती. मला समजायला पाच मिनिटं लागली. पंधरा वर्षांत देशातले बैल सतत कमी होत गेले होते. बैल कमी झाले की त्यांचा वायू कमी, आणि तो वायू आम्ही दुधाच्या नावावर मांडलेला; त्यामुळे दूध दरवर्षी अधिकाधिक स्वच्छ होतंय असं दिसत होतं. प्रत्यक्षात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले होते. त्यांचा धूर दुसऱ्या प्रकरणात होता.

आणि अहवालाचं पहिलंच वाक्य होतं: दुधामागच्या वायूत भारताने साधलेली घट न्यूझीलंडच्या दुप्पट वेगाची आहे. त्या वाक्यासाठी परिषदेने नगरकर सरांना मुख्य भाषणाला बोलावलं होतं.

माझ्या टेबलाच्या खणात एका बँकेचं नेमणूकपत्र पडून होतं. संस्थेतली माझी मुदत मार्चअखेर संपत होती आणि ती वाढवायची की नाही हे सरांच्या शिफारशीवर होतं. बँकेला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला सगळ्यात आधी ते पत्र आठवलं. शुक्रवारी छपाई होईल, सोमवारी मी होकार कळवेन, मार्चनंतर तो रकाना माझा राहणार नाही. हे सगळं मनात येऊन गेलं. साडेअकरा वाजता मी दोन्ही आकृत्या छापून घेतल्या आणि सरांच्या खोलीत गेले.

नगरकर सर सत्तावन्न वर्षांचे, बारीक अंगाचे. पेन्सिलीने काम करत आणि पेन्सिल अगदी बोटांत मावेनाशी होईपर्यंत टाकत नसत. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. मी आकृत्या समोर ठेवल्या आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघितले.

"कुणाकुणाला माहिती आहे?"

"डंकनना. आणि अनुसयाबाईंना."

"अनुसयाबाई कोण?"

"ज्यांची म्हैस बघायला गेलो होतो त्या. त्यांनीच विचारलं."

"काय विचारलं? त्यांच्या शब्दांत सांग."

मी सांगितलं. सरांनी कागद टेबलावर ठेवले. मग स्कूटरची किल्ली उचलली आणि निघून गेले.

मी माझ्या जागेवर येऊन बसले. पाऊण तास झाला, तास झाला. डंकन दोनदा डोकावून गेला. "कुठे गेले?" त्याने विचारलं. "माहीत नाही," मी म्हणाले. मी खणातलं पत्र काढून वाचलं आणि पुन्हा आत ठेवलं. मनात येत होतं की सर संचालकांकडे गेले असणार. आता ही आकृती पुढच्या आवृत्तीत बदलू असं ठरेल, मला शांतपणे समजावलं जाईल, आणि मी मान डोलावेन. मान डोलावेन याची मला खात्रीच होती, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

सव्वाला सर आले. बोटांना शाई लागलेली होती.

"छापखान्यात गेलो होतो," ते म्हणाले. "पहिल्या सोळा पानांचा फर्मा आजच चढवला होता त्यांनी. थांबवला. सोमवारी संध्याकाळपर्यंत नवं देतो म्हणून सांगितलं. तेवढ्यात होईल?"

"होईल, सर."

"बस." मी बसले. "हा रकाना तुझा नाही. चौऱ्याण्णव साली मी घातला. तेव्हा बैलांचे वेगळे आकडे धड मिळत नव्हते, म्हणून सगळं एकत्र धरलं. नंतर मिळायला लागले. तीन निबंध आहेत माझे त्याच्यावर. तू आलीस तेव्हा तुला तयार तक्ता दिला आणि पुढचे आकडे भरायला सांगितलं. तू भरलेस."

"पण मी बघायला हवं होतं."

"हवं होतं," ते म्हणाले. "मी पण."

पुढचे चार दिवस मला नीट आठवतात, कारण इतकं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि इतकी मजाही कधी आली नव्हती. डंकनने बाह्या वर करून आपला भाग पुन्हा लिहायला घेतला. बावन्नाव्या पानावर त्याने मेंढ्यांच्या रेषेशेजारी गाईंच्या संख्येची रेषा घातली, चढती, ठळक. सरांनी ट्रॅक्टरच्या डिझेलचे आकडे शोधून काढायला मला कामाला लावलं, दोन्ही देशांचे. ते पुरते मिळाले नाहीत. मिळाले तेवढे घातले आणि जिथे नव्हते तिथे नाहीत असं लिहिलं. शनिवारी दुपारी सरांच्या घरून तिघांसाठी थालीपीठं आली. डंकनने लोण्यात बोट घालून विचारलं, "हे म्हशीचं का?" सर म्हणाले, "हो. त्यात बैल नाही." तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

अहवालाचं पहिलं वाक्य बदललं. नव्यात दम नव्हता. दुप्पट वेग गेला, आणि त्याजागी आलं की दोन देशांची शेती एकाच मापाने मोजायची तर जनावर कोणतं काम करतं ते आधी विचारावं लागतं.

दिल्लीला सरांनी मला बरोबर नेलं. सभागृहात दीडेकशे माणसं असतील. सर व्यासपीठावर उभे राहिले, जुनी आकृती दाखवली, आणि म्हणाले, "ही आकृती चुकीची आहे. गेली चौदा वर्षं ती मी छापतो आहे. चूक कशी झाली आणि ती कुणी दाखवली, ते आधी सांगतो."

मग त्यांनी अनुसयाबाईंचा प्रश्न हिंदीत सांगितला, मग इंग्रजीत. कुणीतरी मागे हसलं, आणि लगेच थांबलं.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मग डॉक्टरसाहेब, तुमच्या आधीच्या निबंधांचं काय? आम्ही सगळ्यांनी ते वापरलेत."

"त्यातली ती आकृती मागे घेतो आहे. तिन्ही संपादकांना पत्रं गेली आहेत. तुम्हाला जो त्रास होईल त्याबद्दल मी दिलगीर आहे."

मला वाटलं, आता काही खरं नाही. मग डंकन उठला, न विचारताच व्यासपीठावर गेला आणि त्याने आपलं बावन्नावं पान दाखवलं. जुनं आणि नवं. "डॉक्टर नगरकरांची चूक रकान्याची होती," तो म्हणाला. "माझी सोयीची होती. माझी वाईट." त्यानंतर हात वर यायला लागले. रेड्यांचं काय, भाकड गाईंचं काय, उंटांचं काय. दीड तासाची बैठक तीन तास चालली. जेवणाची घंटा दोनदा झाली तरी कुणी हललं नाही.

जेवताना सरांनी ताटात दोन गुलाबजाम घेतले. ते गोड खात नसत.

"भूक लागली आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, माझ्याकडे न बघता: "तू त्या दिवशी डंकनला खोटं भाषांतर सांगितलंस म्हणे."

"हो सर. घाटापर्यंत."

"म्हणजे एक दुपार." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला चार वर्षांपूर्वी शंका आली होती. एका तक्त्यात बैलांचे वेगळे आकडे बघितले तेव्हाच. मी तो तक्ता कपाटात ठेवला आणि स्वतःला सांगितलं, निवांत बघू. परवा तू कागद घेऊन आलीस तेव्हा मी उजेडात धरून काय बघत होतो? त्यात नवीन असं मला काही दिसलंच नाही. फक्त आता कपाट उरलं नव्हतं." मग त्यांनी गुलाबजाम संपवला. "छान आहे. तू घे एक."

हे त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसावं. मीही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. सर गेले त्याला आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला मी हे सांगितलं, आणि ती म्हणाली, लिहून ठेव.

बँकेला मी सोमवारीच नकार कळवला होता. माझी मुदत वाढली का, असं लोक विचारतात. वाढली. पण सरांनी शिफारस केव्हा पाठवली ते मला नंतर कळलं. बुधवारी, आम्ही मेमाण्यांच्या वस्तीवर असताना.

अहवाल छापून आला. सुरुवातीच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव होतं, श्रीमती अनुसया मेमाणे, पशुपालक. सरांनी ते स्वतः पेन्सिलीने लिहून दिलं होतं. मार्चमध्ये एक प्रत घेऊन मी एस.टी.ने वस्तीवर गेले. अनुसयाबाई गोठ्याच्या दारात बसून लसूण सोलत होत्या. मी पान उघडून नाव दाखवलं आणि वाचलं.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"चूक काढली म्हनून नाव छापलं?"

"हो."

"आमच्या घरात चूक काढली का दोन दिस कुनी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. आतून यजमानांचा खोकला आला. अनुसयाबाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं, चाळलं, एका आकृतीवरून बोट फिरवलं. "मग? आता बरोबर हाय का समदं?"

मी हो म्हणणार होते. "नाही, मावशी," मी म्हणाले. "अजून बरंच चुकलेलं असेल."

"मग बस खाली," त्या म्हणाल्या, आणि लसूण ठेवलेलं सूप बाजूला सारून मला जागा केली. "पयल्यापासनं वाच. मराठीत सांग."

मी वाचत गेले, सांगत गेले. धारेची वेळ होईपर्यंत आम्ही एकोणिसाव्या पानापर्यंत पोचलो. तेवढ्यात त्यांनी मला चार ठिकाणी अडवलं. दोन ठिकाणी माझं सांगणं चुकत होतं. उरलेल्या दोन प्रश्नांवर मी पुढची अकरा वर्षं काम केलं.